खंडेनवमीला विसरलेली वाट

मी एक जुनी मशीन आहे. नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका कचेरीत आठ वर्षे मी ईमेल पाठवल्या. मित्रांनो, कचेरीतल्या कचेरीत जाणारे पत्र मी स्वतः पोचवत असे. परगावचे पत्र मात्र एका मोठ्या मशीनच्या हवाली करावे लागे. तिचा पत्ता मला अचूक ठाऊक असावा, एवढाच माझा धर्म होता.

२००२ साली ती मोठी मशीन बदलली. माझी देखभाल करणाऱ्या ललितने नवा पत्ता मला चालू कामात सांगितला. कायमच्या नोंदीत लिहायचे राहून गेले. चार दिवस पत्रे सुरळीत गेली.

मग खंडेनवमी आली. शिपाई सावळीराम हळदकुंकू घेऊन उभा राहिला.

“चालूच राहू द्या ना, दादा,” ललित म्हणाला.

“चालत्या यंत्राला कुंकू लावतात होय? वर्षभर राबली. घटकाभर निजू द्या तिला.”

मला बंद केले, झेंडू वाहिला, पुन्हा चालू केले. बंद झाले की मी सांगितलेले विसरते. लिहिलेले तेवढे स्मरते. मी जुनाच पत्ता धरला. तिथे आता कोणी नव्हते.

त्याच दुपारी टायपिस्ट जहिदाने बंगळुरूला पत्र लिहिले. नर्सिंगच्या शिक्षणाची जागा मिळाली होती. होकार तीन दिवसांत ईमेलने कळवायचा होता. अब्बांना राजी करण्यात तिची दोन वर्षे गेली होती.

“ललितभाऊ, माझी ईमेल गेली ना?”

ललितने शेजारच्या टेबलावर एक पत्र पाठवून पाहिले. ते क्षणात पोचले.

“गेली. आता पेढे काढा.”

“पेढे कशाला? ईदला शीरखुर्मा आणते.”

दसऱ्याची सुट्टी लागली. तिचे पत्र माझ्या रांगेत पडून होते. दर अर्ध्या तासाने मी जुने दार ठोठावले. पाचव्या दिवशी, नियमाप्रमाणे, पत्र तिला परत केले.

तिने ते वाचले. ललित येऊन उभा राहिला. “मी फोन करतो त्यांना.”

“मी केला. जागा भरली.”

मग तिने त्या दिवसाची उरलेली पत्रे टाईप केली. ती सर्व बाहेरगावची होती. तोवर ललितने नवा पत्ता नोंदीत लिहिला होता, सर्व पोचली.

ईदला तिने शीरखुर्मा आणला. ललितची वाटी संध्याकाळपर्यंत माझ्याशेजारी तशीच होती.

आता मी जिन्याखाली आहे. कपाळावरचे कुंकू कोणी पुसले नाही. मित्रांनो, यंत्राची पूजा अवश्य करा. पण त्याला सांगितलेले आधी लिहून ठेवा, आणि पत्र जाते की नाही, हे उंबऱ्याबाहेर पाठवूनच पाहा.