माटोळीला टांगलेला पट्टा

मित्रांनो, मी हिरव्या रबराचा एक जुना पट्टा आहे. ताणला की माझ्या अंगावर पांढऱ्या चिरा उमटतात. मोठ्या गुंडाळीतून कापून मला डिचोलीच्या एका दवाखान्यात आणले गेले. तिथे व्यायामोपचार शिकवणाऱ्या पल्लवीने मला नार्वे गावच्या कमलाक्षीच्या हाती दिले.

कमलाक्षीचे खांदे आणि पाठ नऊ वर्षे दुखत होती. त्या दुखण्याने आधी तिची झोप नेली, मग भजन, मग बोलणे. घरच्यांनी तिच्या त्या मौनाला समजूतदारपणा म्हटले. मला अजून त्याची चीड येते.

"घरात इतक्या राबतंय, आणि परत व्यायाम कित्याक?" तिने पहिल्या दिवशी विचारले.

"कामात उजवो हातच राबता, वयनी. हय दोनय राबतले," पल्लवी म्हणाली. "रडू इला तर रडा. मगे परत वढा."

रोज सकाळी ती मला खिडकीच्या गजाला अडकवून दहा वेळा ओढी. पहिले पंधरा दिवस रडत ओढी. सहाव्या आठवड्यात तिने स्वतःच्या हातांनी वेणी घातली आणि आरशासमोर नकळत एक अभंग गुणगुणला. दुखणे गेले नव्हते. पण दिवसावर आता त्याची सत्ता नव्हती.

मग चवथ आली. गणपतीच्या डोक्यावर छताला माटोळी, म्हणजे रानफळांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधताना एका कोपऱ्याला सुंभ कमी पडला. कमलाक्षीचा नवरा गुरुदास याने मला गजावरून ओढून काढले आणि माझ्यावर नारळांचा घड टांगला. रबर ताणले जाते, एवढेही त्याला सुचले नाही.

"ओ, तो पट्टो माका जाय," कमलाक्षी म्हणाली.

"आता तो देवाच्या कामाक लागलो. पाच दिस हात वढलंस नाय तर काय आभाळ कोसळतला?"

सासू देवकी पाहुण्यांकडे वळली. "माझी कंबर दुखूक नाय? मी खंय पट्टे वढीत बसलंय? आमची जिम म्हणजे रगडो."

पाहुणे हसले. मित्रांनो, त्या हसण्याचा मला संताप आला. राबणे हाच व्यायाम, या एका चुकीखाली त्या घरातल्या दोन पिढ्यांच्या पाठी वाकल्या होत्या, आणि वाकलेली पाठच सरळ होऊ पाहणाऱ्या पाठीला हसत होती. लोकांनी माटोळीची तोंड भरून स्तुती केली. ती मला चटक्यासारखी लागली. कारण समोरच्या दारातून मला कमलाक्षी दिसत होती, विळीवर वाकून तीस माणसांचे खोबरे खोवणारी. दुसऱ्या दिवशी तिला वेणी घालता येईना. तिसऱ्या दिवशी तिने हाकेला ओ देणे सोडले.

त्याच सकाळी, सगळे आरतीला उभे असताना, ती सुंभ घेऊन स्टुलावर चढली. माझ्यामुळे घड मूर्तीच्या मुकुटापर्यंत लोंबला होता. हात वर नेताना ती कण्हली. तरी तिने सुंभ पक्का बांधला आणि मला सोडवले.

"आरती रवली मा, खाली उतर गो," देवकी म्हणाली.

"देवाक चार हात असत, आये. माका दोनच."

कुणी हसले नाही. तिने मला गजाला अडकवले. गुरुदास पेटलेली निरांजने धरून उभा राहिला. एक, दोन, तीन. डोळे पुसत, दात आवळत तिने दहा पूर्ण केले, आणि मगच आरती सुरू झाली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी बाई दुखरा हात हळूहळू वर नेताना दिसली, तर तिच्या दहाची गणती पूर्ण होईपर्यंत तिला हाक मारू नका.