मातीचं अस्तर

हात थरथरू लागला तेव्हा बाबांनी टेलरिंगचं दुकान बंद केलं आणि घरात बसून सगळ्यांच्या कामात नाक खुपसायला सुरुवात केली. माझी बायको वैतागली. त्यांना कशात तरी गुंतवावं म्हणून मी सिमेंटच्या रिकाम्या प्लास्टिक गोण्या आणून दिल्या. आमच्या माती-प्रयोगशाळेत अशा गोण्यांच्या पट्ट्या मातीत मिसळून रस्त्याचा भराव पक्का करायचं काम चाललं होतं. पट्टी दीड इंचाची, सगळ्या सारख्या कापायच्या.

बाबांची कळी खुलली. जन्मभर माणसांचे कपडे शिवले, आता मातीला अस्तर लावतो, असं ते येईल त्याला सांगायचे. आठवड्याला एक पोतं भरायचं.

पहिलं पोतं उघडलं आणि माझा चेहरा पडला. एक पट्टी बोटाएवढी, दुसरी नखाएवढी. मी त्या पट्ट्यांना केराची टोपली दाखवली. वाक्प्रचारातली नव्हे, प्रयोगशाळेच्या आवारातली खरीच. भरावात यंत्राने कापलेल्या पट्ट्या घातल्या. तेव्हाच सांगितलं असतं तर बाबा चार दिवस रुसले असते, एवढंच. पण पुरल्या का, असं त्यांनी विचारलं की मी म्हणायचो, अजून लागतील. पुढची सात पोतीही त्याच वाटेने गेली.

गेल्या आठवड्यात तो भराव एका अंगाने घसरला. कुणाला इजा झाली नाही. पाण्याचा निचरा करणारा पाइप तुंबला होता, पट्ट्यांचा काही दोष नव्हता. पण बातमी घरी पोचली आणि बाबांचं जेवणावरचं लक्ष उडालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"तुझ्या साहेबांना खरं सांगून टाक," ते म्हणाले. "बऱ्याच पट्ट्या आखूड झाल्या होत्या. मला कळत होतं रे. पण बोललो असतो तर काम गेलं असतं."

पाइपचं मी तीनदा समजावलं, पण मुलगा आपल्याला सांभाळून घेतोय असंच त्यांना वाटलं. शेवटी बोललोच.

"बाबा, त्या भरावात तुमच्या पट्ट्या नव्हत्याच. एकही नव्हती."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग बरं झालं, म्हणाले, आणि घोटभर पाणी प्यायले. लाज वाटायला हवी होती, पण मलाही क्षणभर हलकं वाटलं. मग त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"मग त्या कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.