कुंडलिकच्या मापाची काच

ज्या घराने पाच वर्षं रोज सकाळी ओल्या फडक्याने माझं तोंड पुसलं, त्याच घराने आठवड्याच्या अंतराने दोनदा माझ्या कपाळावर करवत चालवली. मित्रांनो, आठवलं की अजून माझे स्क्रू सैल होतात. मी मोटारसायकलच्या हँडलपुढे उभी असणारी काच. जुनी झाले आहे. लोक काच म्हणतात, मीही अडवत नाही. पण आहे मी प्लास्टिकचीच.

ठाण्याच्या एका कारखान्यात मला तापवून साच्यावर वाकवलं. कुंडलिकने मला विकत घेतलं. तो टिटवाळ्याला राहायचा, कोपरीतल्या छापखान्यात कामाला जायचा. थंडीत वाऱ्याने त्याचे डोळे गळायचे, म्हणून मी. मला बसवताना त्याने शेजारच्या पोपट सुताराला सांगितलं, "काचेतून बघायचं नसतं रे, काचेवरून बघायचं. वरची कड नाकाच्या शेंड्याशी आली पाहिजे." कुंडलिक उंच, म्हणून मीही उंच. पोपट म्हणायचा, "कुंडलिकराव, काच लावलीय की नाही तेच कळत नाही." मी फुलून जायचे.

मग कुंडलिकची साखर वाढली आणि डोळ्यांत उतरली. गाडी सुटली, नोकरीही सुटली. वर्षभर माझ्यावर फरशीचं फडकं वाळत होतं. कोरड्या धुळीने माझ्या अंगावर ओरखडे पडले, पण तक्रार कुणाकडे करणार? ज्याला दिसायचे त्यालाच दिसत नव्हते.

त्याची बायको शकू आंबिवलीला शिवणाचा क्लास घ्यायची. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती गिअरची गाडी शिकली. दर सोमवारी संध्याकाळी कुंडलिकला मागे बसवून ती कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायची. पण शकू बुटकी. माझी कड नेमकी तिच्या डोळ्यांसमोर आडवी यायची. अर्धा रस्ता माझ्यावरून, अर्धा माझ्या ओरखड्यांतून.

अशाच एका सोमवारी आंबिवलीजवळ सूर्य समोर आला. माझा एकेक ओरखडा पेटला. शकूला पुढे नुसता उजेड दिसला आणि त्या उजेडात डोक्यावर पाटी घेतलेल्या विमलाबाई भाजीवाल्या रस्ता ओलांडत होत्या. ब्रेक लागला तेव्हा त्यांच्यात नि माझ्यात वीतभर जागा उरली होती.

"बाई, मी काय हवा हाय का?" विमलाबाई म्हणाल्या. "आरपार जाशील?"

मागून कुंडलिक विचारत होता, "काय झालं? शकू, काय झालं गं?" त्याला काहीच दिसलं नव्हतं. मी वारा अडवते असं मला वाटायचं. मी माणूस लपवला होता.

घरी आल्यावर शकू म्हणाली, "काच कापून घेते."

"नाही कापायची. कापलेली काच वाढत नाही."

"अहो, पण मला दिसत नाही."

"आणि मी परत चालवायला लागलो की?"

डॉक्टर काय म्हणाले होते ते दोघांनीही ऐकलं होतं.

रविवारी ती एकटीच खाली आली. कुंडलिक रुसून वर बसला होता. तिने गाडी डबल स्टँडवर लावली, हेल्मेट घालून बसली, नाकासमोर शिवणाच्या खडूने खूण केली. पोपटने मला काढून फळीवर बांधलं, कागदी टेप चिकटवली, बारीक दातांची करवत घेतली. "सावकाश कापायला लागतं वहिनी. घाई केली तर तडकते." करवत फिरली. पाच वर्षं कुंडलिकच्या नाकाच्या रेषेत राहिलेली माझी कड फरशीवर पडली आणि कुणी उचललीसुद्धा नाही.

मित्रांनो, खरा धक्का पुढे आहे. सोमवारी दोघं निघाले, आणि माझी नवी कड पुन्हा शकूच्या डोळ्यांसमोर. म्हणजे मी कापले गेले ते उगाच?

कल्याणला पोचता पोचता शकूने गाडी बाजूला घेतली. "पुन्हा तसंच. माप तर बरोबर घेतलं होतं."

"कसं घेतलंस?" कुंडलिकने विचारलं.

"स्टँडवर बसून."

"एकटी?"

"तुम्ही खाली आलात का?"

कुंडलिक म्हणाला, "मी बसलो की गाडी मागून दबते, काच पुढून वर येते. एवढी मास्तरीण तू. बाई समोर नसताना ब्लाऊज कापतेस कधी?"

"बाई रुसून वर बसली होती," शकू म्हणाली.

तिथून डॉक्टरकडे ते पायीच गाडी ढकलत गेले.

पुढच्या रविवारी कुंडलिक भिंत धरून जिना उतरला. दोघं गाडीवर बसले. या वेळी स्टँड नव्हता, पोपटने हँडल धरलं होतं. कुंडलिकने मागून हात पुढे घेतला, शकूच्या नाकाचा शेंडा बोटाने शोधला आणि हात सरळ माझ्यापर्यंत आणला.

"खडू दे," तो म्हणाला. रेघ त्याने ओढली. थोडी वाकडी होती. शकूने ती सरळ केली, पण खाली-वर केली नाही. "पोपट, काप."

आवाज त्याचा होता, म्हणून की काय, दुसऱ्यांदा मी इतकी थरथरले नाही. नवी कड पोपटने पॉलिश पेपरने घासली. कुंडलिकने तिच्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "आता दिसतंय?"

"दिसतंय."

आता तो मला रोज पुसतो, आधी पाणी, मग मऊ फडकं. ओरखडे बोटांनी मोजतो आणि रोज एक चुकतो. मित्रांनो, माझी विनवणी एवढीच: काच कोरडी पुसू नका, आणि कुणाचं माप घ्याल तेव्हा त्याच्या मागे बसणाऱ्यालाही बोलवा. तो रुसून वर बसला असेल, तर जिना चढून बोलवा.