मानेवरची पावडर

माझा नवरा रोज संध्याकाळी चाकण रोडवरचं गॅरेज बंद करून हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकलवरून नदीकडे जायचा आणि दिवेलागणीला मानेला पावडर फासून परत यायचा. ट्रकखाली सापडून पाय गेले, तेव्हापासून या माणसाने धड भांगही पाडला नव्हता. मग ही पावडर कुणासाठी?

विचारलं तर म्हणाला, “गोळा फेकतो. खुर्चीवर बसणाऱ्यांचेही सामने असतात. निवड झाली तर विलायतेला जाईन.”

“फेका, फेका! थापा मारायला पाय कशाला लागतात!”

शेजारची रहमतबी म्हणाली, “फरीदा, बाई मोशीतलीच असणार. मागं जाऊन बघ.”

गेले. चप्पल हातात घेऊनच गेले.

इंद्रायणीच्या काठी बाभळीला दोराने खुर्ची करकचून बांधलेली, आणि तिच्यात हा एकटाच. घामाने निसटू नये म्हणून मानेला पावडर चोळली, लोखंडी गोळा तिथे टेकवला आणि ओरडून फेकला. मग खाली उतरला आणि हातांवर अंग ओढत, खरडत, तोच गोळा आणायला निघाला.

मी चप्पल पायात घातली.

दुसऱ्या दिवशी रहमतबीने विचारलं, “सापडली का ती?”

“कुणी नाही. ते खरंच गोळा फेकतात. विलायतेला जाणार आहेत.”

ती खदाखदा हसली. “अगं बाई, आता तूही फेकायला लागलीस!”

“नाही,” मी म्हटलं. “मी आणून देते.”