बापूंची चार पानं

चिंतामणी सरांनी रोमँटिसिझमच्या पेपरसाठी भग्नावशेषांवरच्या प्रकल्पांची आतापर्यंत आलेली यादी वर्गाच्या ग्रुपवर टाकली, तेव्हा देवश्री धारच्या बसस्टँडवर उभी होती. एक विषय एकालाच, आणि तोही आधी कळवेल त्याला, असा सरांचा नियम होता. अकराव्या ओळीत तिच्या मैत्रिणीचं, रुचाचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, 'एका बुडालेल्या घराचे अवशेष, निसरपूर'.

ते घर देवश्रीचं होतं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आजोबा, म्हणजे बापू, धारला आलेच नाहीत. ते निसरपूरच्याच नव्या वसाहतीत राहिले. त्यांच्यासमोर जुन्या घराचा विषय काढायचा नाही, अशी आईची सक्त ताकीद होती आणि देवश्रीने ती सहा वर्षं पाळली. प्रकल्पासाठी मात्र तेच घर तिच्या मनात होतं. बापूंना विचारायचं धाडस तेवढं होत नव्हतं. हे तिने फक्त रुचाला सांगितलं होतं.

रुचा देवासची. वडील तिथल्या कारखान्यात, शाळा हिंदीतली. दिवाळीत देवश्रीबरोबर ती बापूंकडे जेवून आली होती, तेवढीच काय ती त्यांच्याशी ओळख.

देवश्रीने तिला कँटीनमध्ये गाठलं. रुचा जराही ओशाळली नाही.

"तू तर विचारणारच नव्हतीस ना? मी रविवारी गेले अन् विचारलं. बापू इतके खुश झाले, क्या बताऊँ. दोन तास बोलत होते."

मग तिने पिशवीतून चार पानं काढली. बापूंनी घराची हकीकत स्वतः लिहून दिली होती. रुचाला ते अक्षर लागत नव्हतं. माजघर म्हणजे काय, पडवी कुठे असते, हेही कळत नव्हतं. जरा वाचून दे, म्हणाली.

नाही म्हणायला हवं होतं. पण सहा वर्षांत जे कानांवर आलं नव्हतं, ते समोर होतं. देवश्री वाचू लागली, अडेल तिथे हिंदीत सांगू लागली. पडवीचे सात खांब. आजीचा कुंकवाचा करंडा कोणत्या कोनाड्यात असे ते. पाणी अंगणात शिरलं त्या सकाळी बापू देव घेऊन निघाले, आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरून दाराला कडी लावून आले.

"वाह! बुडत्या घराला कडी," रुचा लिहिता लिहिता म्हणाली. "हीच सुरुवात करते."

शेवटच्या दोन ओळी देवश्रीने मनातच वाचल्या. 'चि. रुचा हीस नातीप्रमाणे मानून लिहिले आहे. आमच्या घरी हे ऐकण्यास कोणास सवड झाली नाही.'

"पुढे?"

"काही नाही. सही आहे."

तिने पानं नीट घडी घालून परत दिली. विषय कळवायची मुदत संध्याकाळपर्यंत होती. तिथेच बसून तिने सरांना मांडूचे महाल चालतील असं कळवलं. तिथे तिचं कुणी राहिलेलं नव्हतं.