गुलाबी खडे आणि सहा मिशाळ

त्याचा धंदा गाडी शिकवण्याचा. दिवसभर परक्याच्या हातात जीव द्यायचा आणि पायाखालच्या जादा ब्रेकवर भरवसा ठेवायचा. संध्याकाळी त्याला असं काही बघावंसं वाटे की जे कुणाला ठोकत नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, नव्या घराला माशांची टाकी भेट दिली आणि ती सोय झाली. टाकीत कोरी जातीचे सहा कॅटफिश होते. अंगठ्याएवढा जीव, अंगावर चिलखत, तोंडाशी मिशा आणि चेहऱ्यावर जेवणाच्या सुट्टीनंतरच्या कारकुनाचा भाव. तळाशी तोंड खुपसत ते आपले दिवसभर चरत असायचे.

एकदा गोळ्या टाकताना त्यानं काचेला नाक लावलं, तर एकाच्या मिशा अर्ध्या झालेल्या. बाकीच्यांचीही तीच कथा. आधी त्याला वाटलं, आपसात जुंपली असणार. घरोघरी मातीच्याच चुली. पण मासेवाल्या दुकानदारानं टाकीचा फोटो बघितला आणि कपाळाला हात लावला. तळाशी ताईनं घातलेले चमचमते गुलाबी खडे होते. त्यांच्या धारेनं मिशा झिजत होत्या आणि फटींत सडलेलं खाणं उरलंसुरलं काम करत होतं. खडे काढा, बारीक वाळू घाला, आणि पाणी नितळ निघेपर्यंत ती धुवा, असं त्यानं बजावलं.

बायकोनं साफ नकार दिला. ताई कुणी केलेला अपमान विसरत नसे. न केलेलेसुद्धा तिच्या लक्षात असत. त्यातून रविवारी ती जेवायला येणार होती.

"ती गेल्यावर काय ते कर," बायको म्हणाली.

"तोवर ह्यांची गुळगुळीत दाढी होईल."

रविवारी सकाळी बायको भाजी आणायला बाहेर पडली आणि त्यानं डाव साधला. टाकीतलंच पाणी बादलीत घेतलं, त्यात मासे सोडले, हवेची नळी लावली आणि बादली बाथरूममध्ये ठेवली. खडे उपसले. वाळू मात्र दोनदाच खळबळली. त्याचे शिकाऊ आरशात बघितल्यासारखं करतात ना, तसंच. वाळू आत पडली आणि टाकीचं धुण्याचं पाणी झालं. बायको परतली, तिनं ते ध्यान बघितलं आणि तोंड उघडणार तोच दारावरची बेल वाजली.

ताई आली ती हात धुवायला सरळ बाथरूममध्ये गेली. बराच वेळ बाहेर येईना. तो डोकावला, तर ती पाटावर बसून बादलीत बघत होती.

"ह्यांच्या मिशा कुठे गेल्या?" तिनं विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यानं खड्यांचं सगळं सांगितलं. बायको मागे उभी राहून डोळ्यांनी त्याला गिळत होती.

ताई जराशी घुटमळली. "जावईबापू, खरं सांगू? ते खडे माझे नव्हेतच. टाकीच मला माझ्या मावससासूनं दिली होती. माळ्यावर पडून होती. मासे तेवढे मी घेतले. हे घाण खातात म्हणे, म्हटलं तुम्हाला साफसफाई नको."

"नव्या घराला माळ्यावरची टाकी?" बायको शांतपणे म्हणाली. आठवडाभर तिनं ताईच्या भीतीनं नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं. ते सगळं आता एका वाक्यात ताईकडे वळलं. जेवताना दोघी बहिणी फक्त मीठ मागण्यापुरत्या बोलल्या. त्याला मात्र कधी नव्हे ती भूक लागली होती. दोनदा भात घेतला.

ताई निघाली तरी पाणी गढूळच होतं. मासे रात्रभर बादलीतच राहिले. दुसऱ्या दिवशी टाकी निवळल्यावर त्यानं एकेकाला आत सोडलं. पहिल्यानं वाळूत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसलं आणि कल्ल्यांतून वाळूचा धूर काढला. मग सगळेच लागले. बायको ओट्यावरचं काम सोडून बघायला आली.

"असं करतात होय हे," ती म्हणाली, आणि ताईला फोन लावायला गेली. चूक कुणाची ते ठरायचं बाकी होतं, पण हे सांगायला दुसरं होतं तरी कोण?

काही आठवड्यांनी मिशा पुन्हा फुटल्या, पांढुरक्या, केसासारख्या बारीक. एकाला डाव्या बाजूची आलीच नाही. त्या माशानं ते फारसं मनावर घेतलं नाही.