झग्याखालचा राजा

सतराशे साठच्या सुमारास इंग्लंडातल्या नॉरिच शहराच्या रंगभूमीवर जोसाया ट्रिंगमइतकं सावकाश कुणी मरत नसे. बाप केसांचे टोप विणायचा. पोरानं टोप विणण्यापेक्षा घालायचं ठरवलं आणि धान्याच्या कोठारांतून नाटकं करणाऱ्या एका फिरत्या मंडळीत शिरला. आवाज नगाऱ्यासारखा, चेहरा घोड्यासारखा लांब. त्यामुळे तो थेट राजाच झाला. पुढे नॉरिचच्या नाटकगृहात त्याला कायमची जागा मिळाली.

खंजीर लागला की ट्रिंगम आधी सिंहासन धरी, मग खांब धरी, मग झोकांड्या खात पुढच्या मेणबत्त्यांपाशी येऊन शत्रूंना क्षमा करी. पडे, आणखी एखादा शत्रू आठवला की पुन्हा उठे. तेवढ्यात रंगमंचासमोरच्या बाकांवरची मंडळी संत्री सोलून, खाऊन मोकळी होत. खरे हाल डॉर्कस वेलबाईंचे. त्या राणी. राजाचं डोकं मांडीवर घेऊन त्यांना रडत बसावं लागे.

एका प्रयोगात बाईंच्या पायांना मुंग्या आल्या. त्यांनी राजाच्या तोंडावर त्याचाच झगा ओढला आणि उठून जाहीर केलं, “महाराज गेले!”

“अजून नाही!” झग्याखालून ट्रिंगम गरजला.

हसून हसून लोक बाकांवरून खाली आले. एक खाटीक ओरडला, “राणीसाहेब, घाई काय? मरू द्या की बिचाऱ्याला पोटभर!”

पडदा पडताच ट्रिंगम तडक नाटकगृहाचे मालक ऑबिन यांच्याकडे गेला. “या बाईला आजच्या आज काढा!”

“काढतो कसला? उद्याच्या जागा आत्ताच संपल्या,” ऑबिन म्हणाले. “उद्या जरा आणखी मोठ्यानं ओरडा.”

“मी शोकांतिकांचा नट आहे!”

“खुशाल असा की. फक्त झग्याखाली असा.”

ट्रिंगमनं नोकरी सोडली आणि बाथ शहरातलं नाटकगृह गाठलं. तिथल्या मालकानं त्याला नखशिखांत न्याहाळलं. “झग्याखालचे राजे ते तुम्हीच? जरा करून दाखवा ना!”

महिन्याभरात स्वारी नॉरिचला परत. त्यानंतर कित्येक वर्षं तो राजा म्हणून मेला आणि विदूषक म्हणून गाजला. लोक लांबून गाड्या करून येत. ट्रिंगम मात्र रंगपटात कुणाशी बोलत नसे.

शेवटी वेलबाईंनीच विषय काढला. “अहो, आता तरी रुसवा सोडा. सगळं गाव तुमच्यावर जीव टाकतं.”

“हसताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, पाहिलंत?” ट्रिंगम मान ताठ करून म्हणाला. “ते कुणी आणलं?”

“तुम्हीच,” बाई म्हणाल्या आणि आरशाकडे वळून गालांना लाली लावू लागल्या. त्यांचे खांदे मात्र बराच वेळ हलत होते.